बागेतील रेल्वेसाठी रेझिनच्या वस्तू रंगवताना: धुण्यापासून रोगणापर्यंतचा क्रम

गच्चीवरच्या वाफ्यातून किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांमधून छोटी प्रतिकृती-रेल्वे धावू लागली की पाठोपाठ फलाटावरची बाके, दुधाचे कॅन, ट्रंका, दिव्याचे खांब आणि हमाल यांची जमवाजमव सुरू होते, आणि यांतल्या बहुतेक वस्तू साच्यात ओतलेल्या रेझिनच्या (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) असतात. त्या हौसेने रंगवल्या आणि पहिल्याच पावसात रंग निघाला, ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि दोष मात्र रंगाच्या डबीला दिला जातो. खरे कारण शोधायचे तर निघालेला पोपडा उलटा करून पाहावा. त्याच्या मागच्या बाजूला अस्तराचा (रंगाआधी द्यायच्या प्रायमरचा) करडा थर दिसला, तर वस्तू नीट धुतलेली नव्हती. अस्तर वस्तूवरच राहिले असेल आणि पोपडा नुसता रंगाचा असेल, तर अस्तर पुरते वाळण्याआधी किंवा दमट हवेत रंग मारला गेला. या दोन्ही चुका रंगकामाच्या आधी घडतात, म्हणून पुढील मजकुरात रंगापेक्षा पूर्वतयारीला अधिक जागा दिली आहे.

आधी हवा आणि जागा

मुंबईत हे काम करणाऱ्याने महागड्या एअरब्रशपूर्वी एक साधे आर्द्रतामापक विकत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फवारणीच्या वेळी हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तम. ७५ टक्क्यांपर्यंत सांभाळून काम होते. ८० च्या वर फवारणीची डबी हातात घेऊ नये. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि रंगावर किंवा रोगणावर (रंगावरच्या पारदर्शक संरक्षक थरावर) दुधाळ धुरकटपणा येतो. जून ते सप्टेंबर या काळात घासणे, लांबी (भोके बुजवायचा लगदा) भरणे, पिना बसवणे आणि कुंचल्याने करायचे बारीक काम उरकावे. फवारणीचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारांसाठी राखून ठेवावे. सकाळी लवकर फवारण्याचा मोह टाळावा, कारण त्या वेळी हवा दिवसभरातली सर्वांत दमट असते.

वातानुकूलित खोलीत ठेवलेली थंडगार वस्तू थेट गच्चीवर नेऊन फवारू नये. बाहेरच्या उबदार, दमट हवेत तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा जमतो आणि अस्तर त्या ओलाव्यावर बसते. वस्तू अर्धा तास बाहेर, सावलीत ठेवावी आणि मगच कामाला लागावे. फवारणी संपल्यानंतर वाळवण्यासाठी मात्र वातानुकूलित खोली उपयोगी पडते, अर्थात वास ओसरल्यावर.

जागेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या इमारतींमध्ये बाल्कनी ही एकाच घराची नसते. वरून सुटलेला फवारा खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतो. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून त्यात फवारणी करावी आणि वाऱ्याचा दिवस असेल तर काम पुढे ढकलावे.

इशारा: फवारणीच्या डबीतील वायू आणि द्रावक ज्वालाग्राही असतात. स्वयंपाकघराची शेगडी आणि देवघरातील निरांजन किंवा समई विझलेली आहे याची खात्री करून घ्यावी. धुळीसाठीचा एन-९५ मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क लागतो.

टप्पा १: प्रमाण पाहणे आणि कोरडी जुळणी

वस्तू रंगवल्यावर ती मोजमापात चुकीची आहे हे कळणे फार जाचक असते. ३२ मिलिमीटर रुळांवर नेरळ-माथेरानसारखी ६१० मिलिमीटरची अरुंद गाडी दाखवायची असेल तर प्रमाण साधारण १:१९ येते. ४५ मिलिमीटर रुळांवर मीटरगेज (खऱ्या रुळांतील अंतर एक मीटर) दाखवायची तर १:२२.५. साडेपाच फुटांहून किंचित उंच, म्हणजे १.७ मीटर उंचीचा माणूस पहिल्या प्रमाणात सुमारे ८९ मिलिमीटर, दुसऱ्यात ७६ आणि १:३२ मध्ये अवघा ५३ मिलिमीटर भरतो. एकाच फलाटावर हे तिघे उभे राहिले तर कितीही उत्तम रंगवले तरी डोळ्यांना खटकतात. फूटपट्टीने माणसांची उंची आणि बाकाच्या बैठकीची उंची मोजावी. ४५ सेंटिमीटरची बैठक १:२२.५ मध्ये २० मिलिमीटर यायला हवी.

सुटे भाग असतील तर ते गोंदाशिवाय जुळवून पाहावेत आणि कोणते भाग रंगानंतर जोडायचे हे आताच ठरवावे. हमालाच्या डोक्यावरची ट्रंक आधी चिकटवली तर पागोट्याच्या कडेपर्यंत कुंचला पोहोचत नाही.

टप्पा २: पहिली धुलाई

साच्यातून वस्तू सहज सुटावी म्हणून साच्याला सिलिकोनसारखा तेलकट पदार्थ लावलेला असतो आणि त्याचा पातळ थर वस्तूवर उरतो. तो घासण्याच्या आधी काढणे अत्यावश्यक आहे. बहुतेक जण आधी कानस फिरवतात आणि नंतर धुतात. त्यामुळे तेलकटपणा कानशीच्या चऱ्यांमध्ये दाबला जातो आणि पुढे कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही.

कोमट पाण्यात भांड्यांचा द्रवसाबण घालून वस्तू पंधरा मिनिटे भिजत ठेवावी आणि जुन्या मऊ टूथब्रशने सर्व बाजूंनी, विशेषतः घड्या, खाचा आणि अक्षरांच्या कडा, घासून काढाव्यात. भांडी घासायची तारेची घासणी वापरू नये. तिचे ओरखडे अस्तराखालूनही दिसतात. स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून वस्तू पालथी ठेवून निथळू द्यावी. त्यानंतर ती तळव्याने न धरता कडेने किंवा हातमोज्याने धरावी.

घरच्या त्रिमितीय (३डी) मुद्रकावर अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये छापलेल्या वस्तूंची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावर साच्याचे तेल नसते, पण अर्धवट घट्ट झालेले रेझिन असू शकते. वस्तू चिकट लागली तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा धुवून, पूर्ण कोरडी करून, अतिनील प्रकाशात घट्ट करावी. पोकळ वस्तूच्या आत द्रव रेझिन अडकलेले नाही ना हे पाहावे. ते काही महिन्यांनी तडा पाडून बाहेर येते. असे कच्चे रेझिन त्वचेला बाधते, म्हणून हे सर्व नायट्राइलचे हातमोजे घालूनच करावे.

टप्पा ३: वाकलेले भाग, जोडरेघा आणि बुडबुडे

वाकलेला खांब किंवा बाकाचा पाय थंड असताना सरळ करायला गेल्यास मोडतो. तो साधारण ६० ते ७० अंश तापमानाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवावा, सपाट फरशीवर सरळ धरावा आणि तसाच धरून थंड पाण्यात घालावा. हाच गुण पुढे दोष ठरतो: एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या रंगाचा बारीक रेझिनचा खांब गच्चीवर तापून पुन्हा मऊ पडतो आणि झुकतो. म्हणून दिव्याचे खांब, झेंड्याच्या काठ्या आणि छत्रीचे दांडे रेझिनचे ठेवूच नयेत. ते कापून त्याजागी पितळी तार किंवा नळी बसवावी. नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या गल्ल्यांत हिंडले तर बारीक कानशी, छोटी भोके पाडणारी गिरमिटे आणि पॉलिश पेपर एकाच फेरीत मिळून जातात.

साच्याच्या दोन अर्धांच्या जोडावर उमटलेली रेघ पात्याच्या धारेने कापू नये. पाते जवळपास उभे धरून त्याच्या कडेने रेघ खरवडावी, म्हणजे बारीक भुकटी निघते आणि तपशील शाबूत राहतो. नंतर ३२० आणि ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे आणि ६०० वर थांबावे. त्याहून गुळगुळीत करण्यात अर्थ नाही, कारण अस्तराला पकड हवी असते. ओले घासल्याने धूळ हवेत उडत नाही. कोरडे घासायची वेळ आलीच तर एन-९५ मास्क येथे कामाला येतो.

बुडबुड्यांची भोके उघडी सोडू नयेत. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात फेविक्विकचा थेंब पुरतो, मात्र तो घट्ट झाल्यावर त्याच दिवशी घासावा, कारण दुसऱ्या दिवशी तो रेझिनपेक्षा कठीण होतो आणि घासताना आजूबाजूचे रेझिनच झिजते. मोठ्या खड्ड्यात एम-सीलसारखी दोन घटकांची लांबी भरावी, ओल्या बोटाने दाबून सपाट करावी आणि चोवीस तासांनी घासावी. भिंतींसाठीची पांढरी वॉल पुट्टी इथे चालत नाही. ती पाणी शोषते आणि उन्हात तडकते.

तपासणी: खोलीतला दिवा बंद करून टॉर्च वस्तूच्या अगदी बाजूने, पृष्ठभागाला समांतर धरावा. राहिलेल्या रेघा आणि खड्डे त्यांच्या सावलीमुळे लगेच उठून दिसतात.

टप्पा ४: पिना आताच बसवाव्यात

बागेतली वस्तू वाऱ्याने, मांजराने आणि कावळ्याने पडते. कावळा तर वस्तू उचलूनही नेतो. प्रत्येक माणसाच्या एका पायात आणि बाकाच्या दोन पायांत दीड किंवा दोन मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची तार अ‍ॅराल्डाइटने बसवावी. साधा लोखंडी खिळा वापरू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो गंजतो, गंजताना फुगतो आणि पाय उभा चिरतो. रंग झाल्यावर गिरमिट लावले तर भोकाच्या कडेचा रंग उचकटतो आणि तेथूनच पाणी आत शिरते. म्हणून हे काम अस्तराच्या आधीचे आहे. हीच पिन पुढे रंगवताना धरायला मूठ म्हणूनही उपयोगी पडते.

इशारा: पिना खोचून वस्तू उभ्या करण्यासाठी थर्माकोल घेऊ नये. फवाऱ्यातील द्रावक थर्माकोल विरघळवतो आणि वस्तू ओल्या रंगासह आडवी होते. जाड पुठ्ठ्याचे थर किंवा लाकडाचा ठोकळा घ्यावा.

टप्पा ५: दुसरी धुलाई

घासल्याची भुकटी, बोटांचे तेल आणि लांबीचा अंश काढण्यासाठी वस्तू पुन्हा साबणाने धुवावी, वाळवावी आणि धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावी. नेहमीचा एनसी थिनर (रंग पातळ करायचा तीव्र द्रावक) यासाठी वापरू नये. काही रेझिन त्याने मऊ आणि चिकट पडतात. अल्कोहोलमध्येही वस्तू बुडवून ठेवू नये, नुसती पुसावी.

तपासणी: घासलेल्या भागावर स्वच्छ पाण्याची धार सोडावी. पाणी सलग पसरले तर ठीक. एखाद्या जागी ते फुटून थेंब-थेंब होऊ लागले, तर तेथे अजून तेलकटपणा आहे आणि टप्पा २ पुन्हा करावा लागेल. ही तपासणी कंटाळवाणी वाटते, परंतु संपूर्ण कामात हिच्याइतका वेळ वाचवणारे दुसरे काही नाही. तपासणीनंतर वस्तू रात्रभर वाळू द्यावी. भोकांत आणि खाचांत पाणी राहते.

टप्पा ६: अस्तर

मोटारीच्या रंगांच्या दुकानात मिळणारे करडे प्रायमर फवारणीच्या डबीत घ्यावे. लाकडासाठीचे पांढरे अस्तर किंवा भिंतीचे प्रायमर रेझिनला धरत नाही. लाल किंवा पिवळ्या रंगाच्या वस्तूंना वरून अस्तराचाच एक हलका पांढरा हात द्यावा, नाहीतर रंग मळकट दिसतो.

डबी पूर्ण दोन मिनिटे हलवावी. वस्तूपासून २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करावा, तिच्यावरून न थांबता न्यावा आणि बाहेरच संपवावा. पहिला हात नुसता शिडकावा असतो आणि त्यातून रेझिन दिसत राहते; तसेच दिसायला हवे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात आणि तेवढ्याच वेळाने तिसरा. एकाच जाड हातात झाकून टाकले की ओघळ येतात, कपड्यांच्या चुण्या भरून जातात आणि वरचा थर वाळून आतला कच्चाच राहतो. फार दुरून फवारले तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. असे झाल्यास पूर्ण वाळल्यावर ६०० क्रमांकाच्या ओल्या पेपरने हलकेच घासून आणखी एक हात द्यावा.

अस्तर हाताला लागेनासे होणे आणि ते पक्के होणे यांत मोठे अंतर असते. डबीवर काहीही छापलेले असो, मुंबईत किमान ४८ तास थांबावे. वस्तू नाकाजवळ नेऊन वास घ्यावा: द्रावकाचा वास येत असेल तोवर अस्तर कच्चे आहे.

तपासणी: दोन दिवसांनी वस्तूच्या तळाशी मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढावी. टेपवर करडा ठसा आला, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. अस्तर काढून धुलाईपासून सुरुवात करावी.

टप्पा ७: रंग

थरांचा क्रम एकदा समजला की गोंधळ होत नाही. तीव्र द्रावकाचे थर खाली आणि सौम्य द्रावकाचे वर, हा नियम पाळावा. मोटारीचे प्रायमर, त्यावर पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग आणि सर्वांत वर पातळ केलेला तैलरंग, असे केल्यास खालचा थर उचलला जात नाही. अ‍ॅक्रिलिकवर किंवा इनॅमलवर पुन्हा मोटारीचा तीव्र रंग फवारला तर खालचा थर आक्रसतो आणि त्यावर सुरकुत्या पडतात.

घरात ठेवायच्या मूर्तीसाठी चालणारा रंग बागेत चालेलच असे नाही. ट्यूबवरील रंगद्रव्याचा संकेतांक वाचावा. लोहाच्या ऑक्साइडचे लाल, पिवळे आणि काळे, म्हणजे पीआर १०१, पीवाय ४२ आणि पीबीके ११, तसेच टायटॅनियमचा पांढरा पीडब्ल्यू ६, उन्हाला दाद देत नाहीत. रेल्वेच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे, कारण मालडबे, कौले, माती, लाकूड आणि गंज या सर्वांचे रंग याच कुटुंबातले असतात. अडचण येते ती दोन ठिकाणी. हमालाचा लाल सदरा भडक सेंद्रिय लाल रंगाने रंगवला तर एका उन्हाळ्यात तो गुलाबी होऊ शकतो. म्हणून खाली लोहाचा लाल भरून वर टिकाऊ लाल रंगाचा पातळ हात द्यावा, वरचा फिकटला तरी सदरा लालच राहतो. स्थानकाच्या नामफलकाचा पिवळा दुसरी अडचण. कॅडमियमचा पिवळा घरात वर्षानुवर्षे टिकतो, परंतु ऊन आणि ओल एकत्र आली की फिका पडतो. त्याऐवजी बिस्मथचा पिवळा, पीवाय १८४, मिळाल्यास घ्यावा. फलकावरची काळी अक्षरे हाताने रंगवण्यापेक्षा छापील पारदर्शक चिकटपट्टी लावून तिच्या कडा रोगणाने बंद करणे अधिक सुबक दिसते.

रंग जुळवण्याचे काम ट्यूबलाइटखाली करू नये. वस्तू दुपारी गच्चीवर पाहिली जाणार आहे, तेव्हा निवडही त्याच उजेडात करावी. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा टाळावा. पांढऱ्यात चिमूटभर गेरू आणि काळ्यात थोडा करडा मिसळला की वस्तू खेळण्यासारखी दिसत नाही. बाकी रंग भरण्याच्या कामात विशेष अवघड असे काही नाही: पातळ दोन हात, आतून बाहेर, आधी त्वचा, मग कपडे, शेवटी पट्टे आणि बिल्ला.

टप्पा ८: छाया, मळ आणि गंज

रंग वाळल्यावर आधी चकचकीत रोगणाचा एक हात द्यावा. हा टप्पा वगळणारे पुष्कळ, आणि मग छायेचा तपकिरी रंग मॅट पृष्ठभागात शोषला जाऊन डाग पडल्याची तक्रारही त्यांचीच असते. चकचकीत थरावरून पातळ तपकिरी तैलरंग आपोआप खाचांकडे ओढला जातो आणि वर उरलेला कापसाच्या काडीने पुसून टाकता येतो. दुधाच्या कॅनच्या गळ्याखाली, ट्रंकेच्या पट्ट्यांच्या कडेने, बाकाच्या फळ्यांमध्ये एवढेच पुरे. बागेत सूर्य स्वतःच सावली टाकतो. कपाटातल्या मूर्तीइतकी गडद छाया उघड्यावर दिली तर वस्तू नुसती मळकी दिसते.

त्यानंतर जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात टेकवून, कागदावर पुसून, उठावाच्या कडांवरून हलकेच फिरवावा. गंजाची किंवा धुळीची भुकटी वापरायची असल्यास ती रोगणाखाली बंद झालीच पाहिजे. उघडी भुकटी पहिल्या सरीत वाहून जाते.

टप्पा ९: रोगण

तैलरंग वापरला असेल तर एक आठवडा थांबावे. नंतर अतिनील किरणांना प्रतिकार करणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रोगणाचे चकचकीत दोन पातळ हात आणि त्यावर मॅटचा एकच हात द्यावा. केवळ मॅटचे तीन-चार हात देणे चुकीचे आहे: चकाकी मारण्यासाठी त्यात घातलेल्या भुकटीमुळे थर कमकुवत होतो आणि जाड झाल्यास पांढरट दिसतो. तळ आणि पिनेभोवतीची कड विसरू नये, पाणी तेथूनच चढते.

मॅट हातावर धुरकटपणा आलाच, तर घाबरून लगेच दुसरा हात देऊ नये. कोरड्या दिवसाची वाट पाहावी आणि चकचकीत रोगणाचा अगदी हलका हात द्यावा. बहुतेक वेळा धुरकटपणा त्यात विरघळून जातो, मग मॅट पुन्हा द्यावे.

इशारा: मोटारीसाठीचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन क्लिअर फार टिकाऊ असते, परंतु त्याच्या कठीणकात आयसोसायनेट असते आणि त्याचा फवारा फुफ्फुसांना कायमची इजा करू शकतो. साध्या काडतुसाच्या मास्कवर विसंबून ते घरी फवारू नये.

टप्पा १०: जोडणी, बसवणे आणि पावसाळा

राहिलेले सुटे भाग अ‍ॅराल्डाइटने जोडावेत. फेविक्विकची वाफ दमट हवेत रंगावर पांढरी बुरशीसारखी पसरते आणि आठवड्याभराचे काम डागाळते. जोडाच्या जागेवरचा रंग खरवडून रेझिन रेझिनला भिडवावे, अन्यथा जोड फक्त रंगाच्या थरावर लटकतो.

वस्तू थेट मातीत रोवू नये. फलाटाच्या सिमेंटमध्ये किंवा दगडाच्या तुकड्यात पिनेच्या मापाचे भोक पाडून त्यात वस्तू नुसती खोचावी, चिकटवू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती सहज उपटून घरात नेता यायला हवी. मुंबईचा पावसाळा दोन हजार मिलिमीटरहून अधिक बरसतो आणि एवढ्या पाण्यात सतत भिजणाऱ्या रोगणावर शेवाळ चढते. घरात नेतानाही वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये. ओल आतच कोंडते. वर्तमानपत्राची शाईही रोगणाला चिकटते, म्हणून साध्या कोऱ्या कागदात सैल गुंडाळून खोक्यात ठेवाव्यात.

पावसाळ्यानंतर वस्तू परत मांडण्यापूर्वी मऊ ब्रशने साबणपाण्यात धुवून साठलेला खार आणि धूळ काढावी, कडा तपासाव्यात आणि जेथे रोगण निस्तेज झाले असेल तेथे, हवा कोरडी झाल्यावर, एक पातळ हात द्यावा. कडेवर रेझिनचा पिवळसर रंग डोकावू लागला असेल तर नुसते रोगण पुरत नाही. तेवढी जागा ६०० च्या पेपरने घासून अस्तर, रंग आणि रोगण हा क्रम तेथे पुन्हा करावा, कारण उघडे पडलेले रेझिन उन्हात ठिसूळ होत जाते आणि तडा तेथूनच सुरू होतो.